खमिराला सोडा का सोसत नाही

"काय वो काकू, नानचं पीठ फुगलंच नाही म्हणं? यीस्ट जुनं होतं का?"

"कालच आणलंय की. वरून चमचाभर सोडाबी घातला, म्हटलं दुप्पट फुगंल."

"घ्या! आमची पोरगी नांदेडला विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी करायली ना, ती सांगत होती, यीस्टला आंबटच मानवतंय. पीएच चार ते सहा. मळीपासून स्पिरिट काढतानाबी आधी आंबट करून घेतात."

"मग सोड्यानं मरतंय का ते?"

"लगेच कुठं! आधी उपाशी पडतंय. पेशी आतलं आम्ल बाहेर ढकलती. ते परत आत शिरताना त्याच्यासंगं फॉस्फेट-बिस्फेट ओढून घेती. बाहेर अल्क झालं की ती ओढच सरली. लोह, तांबं तर अल्कात धड विरघळतबी नाही. भोवती सगळं हाय, पर तोंडात घास नाही. २०१६ ला मांजरा धरण आटलं, तवा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलंच की आपण? तसं त्याचंबी. जीन असतात सहा हजाराच्या आसपास. त्यातले लोह, तांबं, फॉस्फेट ओढून आणणारे जोरात चालू होतात."

"चालू कोण करतंय पर?"

"काही जीनना कॅल्शियम. अल्क लागलं की काही सेकंदांत ते आत घुसतंय आन् कॅल्सिन्यूरिन नावाच्या एंझाइमला उठवतंय. ते एंझाइम क्रझ-१ ह्या प्रथिनावरचा फॉस्फेट काढतंय, मग क्रझ-१ केंद्रकात जाऊन इना-१ जीन चालू करतंय. त्या जीनचा पंप सोडियम बाहेर फेकतो. सोड्यात सोडियमच की! तिकडून रिम-१०१ नावाचं दुसरं प्रथिन त्याच जीनवरचा ब्रेक काढतंय. लई नावं हैत, मला एवढीच पाठ झालीत."

"थांब बाई! कॅल्सिन्यूरिन? आमच्या दिराला किडनी बसवली, तवा डॉक्टरच्या तोंडून हेच आयकलंय मी."

"तेच ते! सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ह्या गोळ्या त्यालाच अडवतात. आपल्या पांढऱ्या पेशींतबी ते असतंय. नवी किडनी परकी म्हणून त्या पेशी तिच्या अंगावर जातात, गोळी त्यान्ला गप बसवती."

"आन् यीस्टला ती गोळी चारली तर?"

"तर अल्कात त्याचा टिकाव लागत नाही. प्रयोगशाळेत करून बघितलंय लोकांनी."

"अगं माय! म्हंजे भाऊजी आन् यीस्ट एकाच औषधाचे गिऱ्हाईक! सांगते त्यान्ला. जेवण होऊ दे आधी."