पुण्याची बंदरे

पुण्याला समुद्र नाही. बंदरे मात्र पाच आहेत : पुणे स्टेशन, स्वारगेट, शिवाजीनगर, लोहगावचा विमानतळ आणि पाचवे खासगी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या मनात येईल ते. बाहेरगावचा माणूस यांपैकी कुठेतरी उतरतो आणि ‘पुण्यात पोचलो’ असे घरी कळवतो. हे कळवणे घाईचे असते. ज्यासाठी तो आलेला असतो तो शनिवारवाडा, ती तुळशीबाग, मंडई, लक्ष्मी रस्ता, म्हणजे जुने पुणेकर ज्याला नुसते ‘गाव’ म्हणतात ते, दीड-दोन किलोमीटरपासून दहा किलोमीटरपर्यंत कितीही लांब असू शकते. तिकिटात हे अंतर धरलेले नसते.

ही चाल एकट्या पुण्याची नव्हे. बाल्टिक समुद्रातल्या क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘बर्लिन’ छापलेले असते आणि जहाज लागते वार्नेम्युंडेला. तिथून बर्लिन दोनशेहून अधिक किलोमीटरवर. जाऊन-येऊन पाच-सहा तास प्रवासातच जातात आणि उरलेल्या वेळात ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी फोटो काढायचा असतो. ‘स्टॉकहोम’ म्हणून काही जहाजे ज्या बंदरात थांबतात ते शहराच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर आहे. टालिनची गोष्ट वेगळी. तिथे जहाजावरून उतरून पंधरा-वीस मिनिटे चालले की माणूस जुन्या गावाच्या तटाशी येतो. टालिन हा बाल्टिकमधला अपवाद. पुण्यातला अपवाद स्वारगेट.

पुणे स्टेशन हे या बंदरांतले वडीलधारे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. बोरघाटाचे काम मात्र १८६३ पर्यंत चालले होते. मधली पाच वर्षे मुंबईचा प्रवासी घाटाखाली गाडीतून उतरे, एकवीसेक किलोमीटरचा घाट पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. पुण्याला उतरल्यावर आणखी एक वाहन ठरवणे आलेच, कारण स्टेशन पडले लष्कराच्या अंगाला आणि पेठा राहिल्या तीन-चार किलोमीटर नैर्ऋत्येला. १९२५ साली आजची इमारत उभी राहिली, घाटातल्या पालख्या कधीच गेल्या होत्या, नंतर टांगेही गेले. हे तीन-चार किलोमीटर तेवढे जागच्या जागी आहेत.

स्टेशनच्या दारात प्रवाशाला पहिला प्रश्न येतो तो ‘कुठं?’ असा. विचारणारा गृहस्थ रिक्षात बसलेला नसतो; त्याची रिक्षा मागे कुठेतरी उभी असते. ‘तुळशीबाग’ म्हटले की तो आधी प्रवाशाच्या बॅगेकडे, मग चपलांकडे आणि शेवटी आभाळाकडे बघून आकडा सांगतो. पाऊस असेल तर आभाळही आकड्यात धरले जाते. अधिकृत हिशेब सोपा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये. तुळशीबागेपर्यंत साठ-सत्तर रुपये व्हावेत. दारातला पहिला आकडा दीडशे असतो. मधल्या रकमेसाठी तीन कारणे दिली जातात : तिकडून परतीचे भाडे मिळत नाही, लक्ष्मी रस्त्याला तुफान गर्दी आहे, आणि मीटर बिघडलाय. पहिली दोन कारणे एकमेकांशेजारी टिकत नाहीत, कारण जिथे तुफान गर्दी आहे तिथे परतीच्या भाड्याचा दुष्काळ असण्याचे कारण नाही. पण रात्री पावणेनऊला, हातात बॅग आणि सोबत सासूबाई असताना, हे सिद्ध करून दाखवण्याच्या फंदात शहाण्याने पडू नये.

मुरलेला पुणेकर दारात थांबतच नाही. ‘कुठं?’ला उत्तर न देता तो नाकासमोर चालू लागतो. दहा पावलांवर दीडशेचे सव्वाशे होतात, फाटकाशी शंभर. मागून ‘ओ काका, किती देणार ते तरी बोला’ अशी हाक आली तरी काका बोलत नाहीत. रस्त्यावर आल्यावर ते वाहत्या रिक्षाला हात करून ‘मीटरनं येणार का?’ एवढेच विचारतात. दुसरा नाही तर तिसरा येतो. वाचलेले पैसे आणि बॅग ओढून दुखावलेला खांदा यांचा जमाखर्च एकाच पानावर मांडायची पद्धत नाही; घरी फक्त पैसे सांगितले जातात. रिक्षावाल्याचीही बाजू आहे, आणि ती अगदीच लंगडी नाही. गाडी लेट असली की तो रांगेत तासभर उभा असतो आणि त्या तासाचा एक रुपयाही मीटरवर पडत नाही. अ‍ॅपवर रिक्षा मागवून हा सगळा संवाद टाळता येतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात दोन मिनिटांत फोन वाजतो, आणि पलीकडून प्रश्न येतो : ‘कुठं जायचंय?’

बस स्वस्त आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या बससेवा २००७ साली एक होऊन पीएमपीएमएल झाली. ज्येष्ठ नागरिक तिला आजही पीएमटीच म्हणतात आणि ती ऐकते. नवख्याची अडचण पाटीपाशी सुरू होते. बसवर ‘मनपा’ असे लिहिलेले असते. हे कोणा देवीचे नाव नव्हे, महानगरपालिका. शनिवारवाड्याला जाणाऱ्याने बिनधास्त चढावे, मनपाला उतरावे आणि नदीवरचा पूल पायी ओलांडावा. चढल्यावर कंडक्टर ‘पुढं चला, पुढं मोकळं आहे’ असे सांगतो. ते मोकळे आजवर कोणाला सापडलेले नाही.

गावाच्या थेट पोटात शिरणारे वाहन म्हणजे मेट्रो. ६ मार्च २०२२ रोजी ती सुरू झाली तेव्हा वनाजहून गरवारे कॉलेजपर्यंतच येई. कोथरूडकर मुलाबाळांसह बसून जात, उतरत आणि त्याच गाडीने परत येत. १ ऑगस्ट २०२३ ला ती पुणे स्टेशनपर्यंत आली आणि २९ सप्टेंबर २०२४ ला जमिनीखालून कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटला पोचली. स्टेशनवरून गावात जायचे तर जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी लागते. यातली मेख अशी की वनाजची गाडी तिथे पुलावरून जाते आणि स्वारगेटची जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवरून. सरकत्या जिन्यामागून सरकते जिने उतरत माणूस खाली खाली जात राहतो. पुण्यात एकही सिग्नल न लागता, कोणी आडवे न येता, सरळ जाता येईल असा हा बहुधा एकमेव रस्ता आहे, आणि तो उभा आहे. मंडईला वर आले की समोर १८८६ सालची मंडईची वास्तू आणि बाहेर भाजीवाल्यांच्या आरोळ्या. हे एवढे कमी वेळात आणि घासाघीस न करता घडते की जुन्या प्रवाशाला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. विसर्जनाच्या दिवशी, रस्ते बंद झाल्यावर, गावात शिरण्याचा भरवशाचा मार्ग हाच. अर्थात हे इतर सर्वांनाही ठाऊक असते.

शिवाजीनगरच्या एसटी स्थानकाला वार्नेम्युंडेचा गुण लागला आहे. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते वाकडेवाडीला हलवले गेले. नाव हलले नाही. नाशिकहून आलेला माणूस ‘शिवाजीनगर, शिवाजीनगर’ ऐकून उतरतो, बाहेर येतो आणि रिक्षावाल्याला विचारतो, ‘दादा, शिवाजीनगरला येणार का?’ दादांना या प्रश्नात काही विचित्र वाटत नाही.

लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. नागरी विमाने तिथे पाहुणी. नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये वापरात आले. दिल्लीहून दोन तासांत पुण्याच्या जमिनीवर टेकलेला प्रवासी सामान घेऊन कॅबसाठी बहुमजली पार्किंगकडे जातो, ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो आणि संध्याकाळची वेळ असेल तर पुढचा दीड तास कोथरूडच्या दिशेने सरकत राहतो. मेट्रो येरवडा आणि रामवाडीपर्यंत आलेली आहे, विमानतळापर्यंत नाही. तिच्यापर्यंत जायला रिक्षा लागते. म्हणजे पुन्हा ‘कुठं?’

पाचव्या बंदराची वेळ पहाटे पाचची. खासगी बस हमरस्त्यावर कचकन थांबते, क्लीनर ‘चांदणी चौक, चांदणी चौक’ असे ओरडत सामान खाली काढतो आणि बस निघून जाते. इथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकांनी उडवला. तो एका दमात पडला नाही, उरलेला यंत्रांनी पाडावा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या जागी पूल, रॅम्प आणि वळणांचे नवे प्रकरण उघडले. झोपेतून उठलेला प्रवासी त्यातल्या एका वळणावर उभा असतो. बावधनचा रस्ता त्याला खाली स्पष्ट दिसतो. तिथे जायचे कसे, हे दिसत नाही. मेट्रो अजून झोपलेली असते. अंधारातून एक रिक्षा मात्र हळूहळू मागे येते.

कुठूनही निघाले तरी पेठांत शिरल्यावर एकदिशा मार्गांचे राज्य लागते. शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जायला शिवाजी रस्ता, उलट यायला बाजीराव रस्ता. त्यामुळे डोळ्यांसमोरून मागे गेलेल्या घराकडे परतायला अर्ध्या पेठेला प्रदक्षिणा पडते. पत्ता पत्र्या मारुतीवरून नाहीतर भिकारदास मारुतीवरून सांगितला जातो आणि शेवटचे शंभर मीटर रिक्षावाला ‘आत गाडी जात नाही’ म्हणून सोडून देतो. ते पायीच काढायचे असतात.

परतीचा प्रवास पुणेकर जास्त गांभीर्याने घेतात. क्रूझचे जहाज ठरल्या वेळी नांगर उचलते आणि आपले आपण बर्लिनला जाऊन उशिरा आलेल्यांसाठी थांबत नाही. १ जून १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीनही सकाळी सव्वासातला निघते आणि तिचाही स्वभाव तोच. म्हणून आदल्या रात्रीच कोपऱ्यावरच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवले जाते. मीटरचा विषय इथे निघत नाही. तो ‘सहाला येतो’ म्हणतो, पावणेसहालाच वाड्याखाली हॉर्न देतो आणि सबंध आळी उठवतो. साडेसहाला सगळे कुटुंब फलाटावर असते, आणि ‘बघा, उगीच घाई केलीत’ हे वाक्य कोणी म्हणायचे एवढेच ठरायचे राहिलेले असते.