पालकांस कळविण्याचे शास्त्र

प्राथमिक शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या गुरुजींस व बाईंस बालमानसशास्त्र शिकविले जाते, फलकलेखन शिकविले जाते, प्रसंगी कागदाची फुले करणेही शिकविले जाते. परंतु वर्गात काय चालले आहे हे मुलांच्या आईबापांस कसे कळवावे, किंवा सर्व काही कळविल्याचा पुरावा दप्तरी ठेवून प्रत्यक्षात काहीच कसे न कळवावे, हे शास्त्र कोणत्याही अध्यापक विद्यालयात शिकविले जात नाही, आणि ज्या मुख्याध्यापकांस ते पूर्णत्वाने अवगत असते ते निवृत्त होताना ते आपल्याबरोबर घरी घेऊन जातात. सबब, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या सोयीसाठी हा अल्प प्रयत्न.

आरंभ सूचनापत्रापासून करावा. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची 15 ऑक्टोबरची जयंती आपल्या राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते, ही गोष्ट पालकांस कळवावयाची असल्यास 'उपरोक्त विषयास अनुसरून' या शब्दांनी सुरुवात करावी, मग विषय वर लिहिलेला असो वा नसो. पुढे परिपत्रकाचा संदर्भ, त्यापुढे गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख यांचा त्यांच्या अधिकारक्रमाने नामोल्लेख, आणि शेवटी 'सर्वांनी उपस्थित राहून शोभा वाढवावी' अशी विनंती असावी. मुले त्या दिवशी काय वाचणार आहेत, हा क्षुल्लक तपशील गाळण्यास हरकत नाही. असे पत्र घरी पोहोचले की आई ते उलटसुलट पाहते आणि पोरीला विचारते, "काय गं लिहिलंय?" पोरगी सांगते, "उद्या दप्तर आणायचं नाही." संपूर्ण पत्राचा मथितार्थ एका दमात सांगणाऱ्या या दुसरीतल्या मुलीकडेच पत्रलेखनाचे काम का सोपवू नये, असा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे, पण तिची नेमणूक कोणत्या पदावर दाखवावी हा प्रश्न उरतो.

वेळेची निवड हा या शास्त्राचा गाभा होय. पालकसभा सकाळी अकरा वाजता ठेवावी. मराठवाड्यात ऑक्टोबरच्या मध्यास सोयाबीनची काढणी चालू असते, आभाळाचा भरवसा नसतो, आणि गावातील प्रत्येक धडधाकट माणूस रानात असतो. यामुळे सभेस निवृत्त मंडळी, एक दुकानदार आणि शेजारच्या अंगणवाडीतील बाई एवढेच हजर राहतात, चहाचा खर्च वाचतो, आणि इतिवृत्तात 'पालकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' असे वाक्य निर्वेधपणे लिहिता येते. अहो, पण अकरा वाजता येणार तरी कोण? भिजलेले सोयाबीन तुमची शाळा विकत घेणार आहे का? दिवेलागणीनंतर मारुतीच्या पारावर जाऊन बसले, तर रानातून परतलेली माणसे न बोलावता थांबतात, हे अनुभवी गुरुजी जाणतात. आणि तेही दिवाळीपूर्वी करावे लागते. कारण त्यानंतर बीडकडील कित्येक जोडपी ऊसतोडीला कारखान्यांवर जातात, पोरे त्यांच्याबरोबर तरी जातात किंवा मागे आजीपाशी राहतात, आणि मग पत्रावर 'मा. पालक' असे जे लिहिलेले असते त्याचा अर्थ आजी असा होतो. आजीला पत्र नको असते. तिला गुरुजी दारात आलेले हवे असतात.

शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. वही घरोघर फिरवून सह्या घ्याव्यात, म्हणजे कायद्याचे पालन होते.

प्रगतिपुस्तकाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि श्रेणींच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी लिहिण्याचे दायित्व शिक्षकांवर आले. कल्पना उदात्त होती: प्रत्येक मुलाचे स्वतंत्र शब्दचित्र. व्यवहारात मात्र एक उत्तम शब्दचित्र शोधून काढून ते सर्व वर्गास समभावाने वाटून टाकावे, अशी पद्धत रूढ झाली. 'वाचनाची आवड आहे' ही नोंद जो मुलगा पुस्तकावरून मान वर करीत नाही त्यालाही चालते, आणि ज्याने पुस्तकाकडे मान कधी वळविलीच नाही त्यालाही चालते. बापाला जे विचारायचे असते ते फार साधे असते: "येतं का वाचायला?" 'असर' या शैक्षणिक पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्या असतात, त्यातील कोणत्या पायरीवर पोर उभे आहे एवढे सांगितले तरी अंगठा उठविणाऱ्या माणसालाही ते तत्काळ उमगते. 'शब्द वाचते, जोडाक्षर आले की चित्राकडे पाहून ठोकून देते' अशी नोंद मी एकदा एका बाईंच्या हस्ताक्षरात वाचली. ती नियमबाह्य होती, आणि त्यातून ती मुलगी जशी दिसली तशी कोणत्याही श्रेणीतून दिसली नसती.

वाचन प्रेरणा दिनाच्या उत्सवाचे छायाचित्र घेताना मुलांनी पुस्तके चेहऱ्यापुढे धरावीत, म्हणजे वरिष्ठांस मुखपृष्ठे स्पष्ट दिसतात. व्हॉट्सअॅपच्या गटावर ते छायाचित्र आले की आया आपापली मुले रिबिनीवरून ओळखतात.

शेवटचा नियम पुस्तके घरी देण्याविषयी. देऊ नयेत. ती जडसंग्रह नोंदवहीत चढविलेली असतात, गहाळ झाल्यास जाब शिक्षकास द्यावा लागतो, आणि कपाटाच्या कुलपाआड ग्रंथ जितका सुरक्षित राहतो तितका अन्यत्र राहत नाही. तरीही काही हट्टी बाई शनिवारी प्रत्येक पोराच्या हाती एकेक पुस्तक देतात; पोर चुलीपाशी बसून ते मोठ्याने वाचते, भाकरी थापता थापता आई "मग पुढं काय झालं?" म्हणते, आणि पोर कुठे अडले, कुठे सुसाट सुटले, याची इत्तला तिला कोणत्याही परिपत्रकाविना मिळते. सोमवारी पुस्तक परत येते ते पिठाच्या बोटांसह, क्वचित हळदीच्या डागासह. तपासणीच्या वेळी या डागांचा खुलासा मागितला जाण्याचा संभव असतो. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात 'सुस्थितीत' असे लिहावे, सही करावी, आणि वही मिटून पुढच्या शनिवारची यादी काढावी.