थर्मासवाले आबा

उंब्रजहून कराडला रोज अप-डाऊन करणाऱ्या नोकरदारांत दरवर्षी एक तरी थर्मासवाले आबा निपजतातच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी पतसंस्थेत नाहीतर पंचायत समितीत, आणि डॉक्टरनं नुकतीच रक्तातली साखर तपासायला लावलेली. कालपरवापर्यंत हेच गृहस्थ फाट्यावर एसटीची वाट बघत एक, कराड स्टँडवर उतरल्यावर एक, ऑफिसात शिपाई पिशवीतून पार्सल आणतो त्यातले दोन आणि परतीला एक, असे पाच चहा बिनबोभाट रिचवत होते. मग एका रात्री कॅलेंडरवरच्या दुधाच्या रकान्यात त्यांनी हिशेब मांडला. दहाला एक, दिवसाचे पन्नास, महिन्याचे दीड हजार, वर्षाचे अठरा हजार. रविवार वजा केला नव्हता, कारण रविवारी गावात चहा जास्तच होतो. शिवाय उन्हाळ्यातला रस, लिंबू सोडा आणि पाण्याच्या बाटल्या वेगळ्याच. कृष्णा-तारळीच्या संगमावरचं गाव, आणि पाणी वीस रुपयांना!

बाहेरचं पिणं बंद, असं ठरलं. कधीपासून, हा प्रश्न उरला. पाडव्यापासून म्हणेपर्यंत पाडवा गेला. अक्षय्य तृतीयेला पाहुणे आले. आषाढीचा मुहूर्त नक्की झाला, पण एकादशीला उपवास, आणि चहासुद्धा सोडला तर उपवास निभायचा कशावर? अखेर द्वादशीला आबा कराडच्या बाजारपेठेतून अर्धा लिटरचा स्टीलचा थर्मास घेऊन आले. किमतीचा आकडा घरात अजून कुणाला कळलेला नाही.

इथून पुढचं सगळं नियोजन. नियोजन आबांचं आणि पाचला उठणं वहिनींचं. आधी थर्मास गरम पाण्यानं विसळायचा, मग आलं घालून उकळलेला बिनसाखरेचा चहा गळ्यापर्यंत भरायचा, बूच आवळायचं, रुमाल गुंडाळायचा. संध्याकाळी तो धुवायचा म्हणजे लांब दांड्याचा ब्रश आला. ब्रश आबांनीच आणला, एवढं कबूल केलं पाहिजे. दूध घातलेला चहा दुपारपर्यंत गरम राहतो, पण चहा राहत नाही, हा शोध पहिल्याच दिवशी लागला. त्यावर आबांचा तोडगा असा की सगळा सकाळीच संपवायचा.

आता माणसानं सवय सोडली म्हणजे त्यानं टपरी टाळावी की नाही? आबा उलट दहा मिनिटं आधी येऊन टपरीच्या बाकड्यावर बसू लागले. मांडीवर थर्मास. चाफळच्या रामाला, पालीच्या खंडोबाला निघालेली माणसं चहा घेत उभी असतात. त्यांच्यादेखत आबा झाकणात चहा ओततात आणि वाफ दिसेल अशा बेतानं धरतात.

"आबा, च्या घ्या की."

"बाहेरचा बंद केलाय."

"मग इथं का बसलाय?"

"एसटी यायची हाय."

एवढ्यात एखाद्यानं कागदी कप उचलला की आबांना विषय मिळतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलंय, या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यात 100 मिलिलिटर गरम पाणी 15 मिनिटं ठेवलं तर सूक्ष्म प्लास्टिकचे 25,000 कण उतरतात. ऐकणारा म्हणतो, "पंधरा मिन्टं कोण थांबतंय आबा? आपला दोन मिन्टात खल्लास." मुद्दा बिनतोड आहे. मग आबा पार्सलच्या पिशवीवर घसरतात. राज्यात प्लास्टिकबंदी 2018 ची, तरी उकळता चहा अजून पातळ पिशवीत, वर दोऱ्याची गाठ, जत्रेतल्या फुग्यासारखी टम्म फुगलेली. इथे मात्र आबांचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि नेमकं तेव्हाच कुणी ऐकत नाही. सगळे महामार्गाला भराव पूल हवा की खांबांवरचा 'पारदर्शक' पूल, या वादात शिरलेले असतात.

थर्मासचा इतिहासही त्यांना पाठ. 1892 साली लंडनला जेम्स ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञानं दुहेरी भिंतीची बाटली बनवली, मधली हवा काढून टाकून. चहासाठी नव्हे, प्रयोगशाळेत थंड करून पातळ केलेले वायू टिकवायला. पेटंट काही घेतलं नाही. पुढे 1904 मध्ये जर्मनांनी 'थर्मास' हे नाव देऊन तीच बाटली बाजारात आणली.

"म्हंजी त्यानंबी म्होरचा इचार केला न्हवता म्हना की," टपरीवाले तात्या पातेल्यातून मान न काढता म्हणाले.

उन्हाळ्यात नियोजनाला धार चढली. चारी बाजूंनी ऊस, मग रस रोज गुऱ्हाळावर उभं राहून का प्यायचा? घुंगरं वाजवणाऱ्या चरकावरून आबांनी एकदमच थर्मासभर रस घेतला, दोन दिवसांची बेगमी म्हणून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बूच फिरवलं तर ते आपणहून उडालं. रस काळपट, वास ताडीचा. साहेबांनी लांबूनच विचारलं, "आबा, हे काय आणता तुम्ही?" त्यानंतर ताक आणलं. ताकाला आल्याचा वास लागला आणि त्यापुढचा आठवडाभर चहाला ताकाचा.

पण आबांची खरी पंचाईत वेगळीच आहे. बाकड्यावर थर्मास उघडला की आपण एकट्यानं प्यायचं आणि शेजाऱ्यानं बघायचं, हे उंब्रजच्या माणसाला जमत नाही. "घ्या घोटभर" तोंडातून जातंच. चार घोटभरांत अर्धा लिटर आटोपतो. शिवाय दुसऱ्याच्या बाकड्यावर फुकट बसणंही बरं दिसत नाही, म्हणून आबा तात्यांकडून आधी बिस्किटाचा पुडा घेऊ लागले, मग क्रीमरोल, अलीकडे वडापाव. वहिनींनी पाचला उठणं श्रावणातच सोडलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: ज्यांना पाजायचाय त्यांनी उकळावा.

तेव्हापासून थर्मास सकाळी रिकामाच निघतो आणि तात्यांकडे भरला जातो. अर्धा लिटर एकदम घेतला म्हणून तात्या दहा रुपये कमी लावतात. त्या दहा रुपयांना आबा बचत म्हणतात आणि कॅलेंडरच्या रकान्यात न चुकता मांडतात. बिनसाखरेचा वेगळा टाकायला तात्यांना वेळ नसतो, तेव्हा साखरही पूर्वीएवढीच. पिशवी तेवढी वाचली. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली तीच एक जमेची बाजू आहे, आणि ती लहान नाही. तात्यांनी आता पार्सल नेणाऱ्या इतरांनाही "आबांगत भांडं आना" म्हणायला सुरुवात केली आहे, आणि काही जण आणतातही.

तर कधी उंब्रज फाट्यावर उतरलात आणि मांडीवर थर्मास घेतलेले गृहस्थ "घ्या घोटभर" म्हणाले, तर नाही म्हणू नका. फक्त कप आपला आपण आणा. कागदी कपात ते ओतणार नाहीत.