बॉनेटवर लिहिणाऱ्या अज्ञात लेखकास

प्रति,
‘धुवा मला’ या कृतीचे अज्ञात लेखक,
बी विंगचे पार्किंग, लिफ्टच्या बाजूला, पुणे.

स. न. वि. वि.

आपली कृती मिळाली. बॉनेटवर मिळाली. पोच द्यायला थोडा उशीर झाला, कारण आधी गाडी धुतली. मागणीच तशी होती. धूळ गेली, पावसाच्या शिंतोड्यांचे डाग गेले, कबुतरांनी आपापल्या परीने घातलेली भर गेली. मजकूर मात्र राहिला. संध्याकाळचे ऊन तिरपे आले की गडद निळ्या पत्र्यावर ‘धुवा मला’ हे शब्द पांढुरके, सुवाच्य उमटतात आणि शेजारी दोन डोळे व एक हसरे तोंड. धुतलेली गाडी येणाऱ्या-जाणाऱ्याला धुवायला सांगत उभी असते.

अक्षर चांगले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. हल्ली शिरोरेघ देण्याचा कंटाळा करतात. आपण ती एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोट न उचलता दिलीत. तीच सर्वांत खोल गेली आहे. आपण कोण, हे शोधण्याचा प्रयत्न झाला. पण सोसायटीच्या कॅमेऱ्यात त्या भागातला फक्त खांब दिसतो. खांब निर्दोष आहे.

आता आपण कशाने लिहिलेत ते सांगतो. बोटाने, असे आपल्याला वाटत असेल. बोट मऊ असते, त्याचा काही दोष नाही. मागच्या प्लॉटवर इमारत उठते आहे आणि तिथे नदीची वाळू नव्हे, क्रश सँड पडते. म्हणजे यंत्राने फोडलेल्या काळ्या दगडाची भरड. ज्या बेसॉल्टने सह्याद्रीतल्या गडांचे तट शतकानुशतके उभे ठेवले, त्याच दगडाची पूड रोज माझ्या बॉनेटवर येऊन बसते. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोह्स यांची १ ते १० अशी पट्टी आहे. तीत माणसाचे नख अडीचच्या आसपास, खिडकीची काच साडेपाच, बेसॉल्टमधला फेल्डस्पार सहा आणि वाळूतले क्वार्ट्झ सात. गाडीचा सर्वांत वरचा थर हे शेवटी पारदर्शक प्लास्टिक. त्याचा या पंगतीत पाड लागत नाही. धूळ नुसती बसून राहिली असती तर तिने काही केले नसते. आपण तिच्यावर बोट दाबून ती फिरवलीत.

त्या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि त्यावर हा. चारही मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. डोक्यावरचा एक केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो सगळा कारभार दोन केसांच्या जाडीत चालतो, आणि त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला ४०-५० मायक्रॉन येतात. खरा रंग तर त्याहूनही पातळ. आपल्या सुदैवाने, म्हणजे माझ्या, आपले लेखन बहुतेक ठिकाणी या पारदर्शक थरातच थांबले आहे. अक्षरे पांढरी दिसतात ती रंग उडाला म्हणून नव्हे; चऱ्याच्या कडांवर उजेड विखुरतो म्हणून. ओला हात फिरवला की अक्षरे गडप होतात, पाणी वाळले की पुन्हा हजर. पाण्याने दिसेनासा होणारा चरा वरवरचा समजावा. दुसरी परीक्षा नखाची: चऱ्यावर नख आडवे फिरवायचे. अडकले नाही तर हाताने निघण्याची आशा आहे. अडकले तर पॉलिशचा उपयोग नाही. आपल्या कृतीत शिरोरेघेचे शेवटचे टोक वगळता नख कुठे अडकले नाही. तिथे एखादा जाड खडा बोटाखाली आला असावा. जोर मात्र आपलाच.

गॅरेजवाल्यांनी लांबूनच पाहून ‘पॅनल मारून घ्या’ असा निकाल दिला. चार अक्षरांसाठी अख्खे बॉनेट रंगवायचे! कारखान्यात रंग नुसत्या सांगाड्यावर, काचा आणि वायरिंग बसायच्या आधी, १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो. तयार गाडीला तेवढी भट्टी दाखवता येत नाही. गॅरेजच्या बूथमध्ये ६०-७० अंशांवर भागवावे लागते. शिवाय उद्या गाडी विकायला काढली की घेणारा जाडी मोजायचे यंत्र टेकवणार, एका पॅनलवर आकडा जास्त दिसणार आणि मग ‘कुठे ठोकली होती?’ या प्रश्नाला ‘साहित्यात’ असे उत्तर देत बसायचे. विम्याचे विचाराल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे एक हजार रुपये आपल्या खिशातून जातात आणि क्लेम केला की नो क्लेम बोनसही गेला. पाच वर्षे क्लेम न करता तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो. तो आपल्या हस्ताक्षरावरून ओवाळून टाकण्याइतका मी रसिक नाही.

मग सल्ले आले. तळमजल्यावरच्या काकांनी टूथपेस्ट सुचवली. तीत सिलिकाची किंवा खडूसारख्या चुन्याची बारीक पूड असते, त्यामुळे ती थोडेफार घासते हे खरे; पण ती दातांसाठी बनवलेली असते, आणि काचेखालच्या काळ्या रबरात शिरून सुकलेली पेस्ट काढणे हा एक स्वतंत्र उद्योग आहे. दुसऱ्या मजल्यावरून खोबरेल तेल आले. तेलाने चरे भरतात आणि एक दिवस बॉनेट नव्यासारखे चमकते. दुसऱ्या दिवशी त्या तेलावर दुप्पट धूळ चिकटते, म्हणजे आपल्यासाठी नवा कागद तयार. भांड्यांची पावडर आणि हिरवी घासणी सुचवणाऱ्यांशी मी सध्या बोलत नाही.

शेवटी हाताने करायचे ठरवले. एका रविवारच्या सकाळी, सावलीत, पत्रा थंड असताना. आपल्या कामाला काही सेकंद लागले असतील; माझे कसे झाले ते सविस्तर ऐका. आधी पुन्हा धुणे, कारण धुळीचा एक कण राहिला तर मीही आपलाच सहलेखक. दोन बादल्या लागतात, एक शाम्पूची आणि दुसरी फडके विसळायची. एकाच बादलीत काम केले तर निघालेली माती फडक्यावाटे परत पत्र्यावर येते. मग क्ले बार. ही एक मऊ चिकणी वडी असते. शाम्पूचे पाणी शिंपडून ती हलक्या हाताने सरकवली की धुऊनही न निघालेले कण तिच्यात रुततात. वडी जमिनीवर पडली तर फेकून द्यायची, झटकून वापरायची नाही. मग रबर आणि प्लास्टिकच्या कडांना मास्किंग टेप. बॉनेटवरच्या उंच धारेवरही टेप लावली, कारण धारेवर थर मुळातच पातळ बसतो आणि घासणारा हात नेमका तिथेच जोर देतो.

मग रबिंग कंपाउंड, स्पंजच्या गोल पॅडवर हरभऱ्याएवढे. बोटाच्या टोकाने ते लावायचे नसते, कारण जोर एका ठिकाणी येतो. हा मुद्दा आपल्या अभ्यासाचा आहे. फूटभर चौकोन घ्यायचा, आधी आडवे आणि मग उभे, एकावर एक सरळ हात मारायचे. कंपाउंडमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते; चांगल्या कंपाउंडमधले दाणे घासता घासता फुटून बारीक होत जातात, त्यामुळे सुरुवातीला काप आणि शेवटी चकाकी. चौकोन झाला की मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने पुसून मोबाइलच्या टॉर्चमध्ये तपासायचे. टॉर्चभोवती बारीक चऱ्यांची गोल जाळी दिसते. चरे गोल नसतात, आपल्या डोळ्यांत चमकतात तेवढेच त्या उजेडाभोवती वर्तुळात मांडलेले भासतात. पहिल्या फेरीनंतर अक्षरे गेली असे वाटले. पण कंपाउंडमधले तेलही खोबरेलासारखेच चरे झाकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून पुसले आणि ‘मला’ परत आले. ‘धुवा’ खरोखर गेले होते. त्या दुपारी बॉनेटवर नुसतेच ‘मला’ आणि एक हसरे तोंड होते.

तेही गेले, मग बारीक पॉलिश, मग मेण. मेणात ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचे कार्नौबा असते. ते चमक देते, चरे काढत नाही. आता ऊन तिरपे आले तरी काही वाचता येत नाही. आपले लेखन पुसले गेले, याचे आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ते कसे पुसले जाते हे सांगायलाच हवे. चरा भरून निघत नाही. शेतात एक खड्डा पडला म्हणून सगळे शेत खणून खड्ड्याच्या पातळीला आणावे, असा हा प्रकार आहे. आपली अक्षरे दोन-तीन मायक्रॉन खोल असतील तर त्यांच्या आजूबाजूचे माझे बॉनेट मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खर्चाने, घाम गाळून तेवढे खाली आणले. जे गेले ते कारखान्यातून आलेल्या मोजक्या शिलकीतून गेले आणि ते कोणत्याही मेणाने परत येत नाही. हा थर नुसता शोभेचा नसतो. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. तो फार पातळ झाला की खालचा रंग विटतो आणि थर पापुद्र्यांनी सुटू लागतो. उन्हात उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांच्या टपांवर पांढरे नकाशे दिसतात, ते हेच. पूर्वीच्या साध्या एकथरी रंगाच्या फियाटला पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि कोणाला त्याचे काही वाटायचे नाही. आताच्या गाडीच्या फडक्याला रंग लागला तर समजावे की वरचा थर संपला.

म्हणून शिरोरेघेचे ते टोक मी राहू दिले आहे. ते काढायचे तर वॉटर पेपर लावून तिथला थर आणखी उतरवावा लागेल, आणि इतकी किंमत मोजण्याएवढे ते टोक मोठे नाही. टचअपचा एक थेंब सोडायचा विचार आहे.

दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून खराबी करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये बसते. पण पोलीस ठाण्यात जाऊन ‘साहेब, गाडीवर धुवा मला असे लिहिले’ हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न ‘मग धुतली का?’ हाच येणार, याची मला खात्री आहे. गाड्या पाइप लावून धुवायला पाणीकपातीत सोसायटीनेच बंदी घातली आहे आणि ती सूचना आपण बोटाने लिहिलेल्या बॉनेटपासून चार पावलांवर चिकटवलेली आहे. आपल्याला लिहिण्याइतकी वाचण्याची आवड नसावी.

तरीही आपली प्रतिभा दाबून ठेवण्याचा माझा हेतू नाही. हे पत्र लिफ्टशेजारच्या फलकावर लावले आहे. खाली कोरे कागद अडकवले आहेत आणि एक बॉलपेन दोरीने बांधले आहे. गाडीविषयी, सोसायटीविषयी, माझ्याविषयी जे सुचेल ते तिथे लिहावे. दोरी दीड फुटाची आहे. ती पार्किंगपर्यंत पोचत नाही, हे मी मोजून पाहिले आहे.

कळावे,
बी विंगचा एक रहिवासी