शास्त्रोक्त घबराट : एक मार्गदर्शिका

जगात कुठेही काहीही घडले की आपले शेअर विकावेत, हे सर्वांनाच समजते. ते विधिपूर्वक कसे विकावेत, हे मात्र शिकावे लागते. पूर्वतयारी भूगोलाची. शाळेत नकाशावर परभणी सापडली नसेल तरी होर्मुझची सामुद्रधुनी डोळे मिटून दाखवता आली पाहिजे. आपला म्युच्युअल फंड दरवर्षी किती टक्के खर्च कापून घेतो हे माहीत नसले तरी चालेल, पण अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हची पुढची बैठक कधी आहे हे तोंडपाठ हवे. त्यानंतर मुहूर्त. आपला बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो. तोवर न्यूयॉर्क रात्रीच पडून मोकळे झालेले असते आणि टोकियोही अर्धा दिवस पडून घेते. म्हणजे आपल्याला ‘आतली’ म्हणून मिळालेली बातमी भावात आधीच जिरलेली असते. ती ताजी समजून पहिल्या पाच मिनिटांत, भाव सर्वांत वेडेवाकडे असताना, विकून टाकावे. टीव्ही बंद करू नये.

इथवरचा विधी बहुतेकांना उपजतच जमतो. अडचण उत्तरपूजेची आहे, कारण विकलेले परत घ्यायचे कधी, हे कुठल्याच मार्गदर्शिकेत नसते. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि सेन्सेक्स 2,702 अंकांनी कोसळला. दुसऱ्याच दिवशी, युद्ध चालूच असताना, तो 1,328 अंकांनी वर गेला. 5 ऑगस्ट 2024 ला जपानचा निक्केई 12 टक्क्यांहून अधिक पडला, कारण स्वस्त येन उसने घेऊन जगभर पैसे लावणाऱ्यांना ते घाईने परत करावेसे वाटले. सेन्सेक्सनेही त्या दिवशी 2,200 अंक गमावले. दुसऱ्या दिवशी निक्केई 10 टक्क्यांनी उसळला. प्रत्येक सोसायटीत एक काका असतात, त्यांनी त्या सोमवारी येनचे सगळे गणित कट्ट्यावर बिनचूक समजावून सांगितले असणार. काकांचे चुकते ते गणितात नाही. कारण बरोबर सांगता आले म्हणजे पुढचा भावही सांगता येतो, असे त्यांना वाटते, एवढेच. बाकी माणूस गोड असतो, आणि इतके अर्थशास्त्र फुकट दुसरे कोणी शिकवत नाही.

‘परिस्थिती निवळली की पुन्हा घेऊ’ हे या शास्त्रातले महावाक्य. ते 2020 वर लावून पाहावे. 23 मार्चला सर्किट लागून व्यवहार 45 मिनिटे थांबले आणि दिवसअखेर सेन्सेक्स 13 टक्के खाली, 25,981 वर आला. देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री. म्हणजे सर्वांत वाईट बातमी येण्याआधीच बाजाराने तळ गाठला होता. पुढे महिनोन्‌महिने बातम्या बिघडतच गेल्या. एप्रिल ते जून या तिमाहीत अर्थव्यवस्था जवळपास 24 टक्क्यांनी आकुंचल्याचा अंदाज 31 ऑगस्टला आला, तेव्हा सेन्सेक्स 38,000 च्या वर होता. निवळण्याची वाट पाहणारे तेव्हाही वाटच पाहत होते. जानेवारी 2021 मध्ये सेन्सेक्सने 50,000 ला हात लावला, तोवर परिस्थिती कुठे निवळली होती?

यावर चाणाक्ष वाचक म्हणेल, बाजार नेहमीच परत येतो हीसुद्धा अंधश्रद्धाच. आक्षेप रास्त आहे. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21,000 पार गेला आणि ऑक्टोबरात काही काळ 8,000 च्या खाली उतरला. 2010 च्या दिवाळीत पुन्हा 21,000 ला शिवून घसरला आणि जुने शिखर मागे टाकायला 2013 ची दिवाळी उजाडली. निक्केईला तर 1989 अखेरची उंची ओलांडायला फेब्रुवारी 2024 पर्यंत थांबावे लागले, म्हणजे 34 वर्षे. पण टोकियोतल्या त्या गुंतवणूकदाराला बुडवले ते कुठल्या दूरच्या युद्धाने नव्हे. कंपन्यांच्या मिळकतीच्या मानाने अफाट भाव त्याने आनंदाच्या दिवसांत, सगळे छान चालले असताना मोजला होता. घबराटीचे शास्त्र अशा दिवशी काहीच सांगत नाही. उलट त्या दिवशी काका पेढे वाटतात.

दुसरा आक्षेप तेलाचा. भारत कच्च्या तेलाच्या गरजेपैकी 85 टक्क्यांहून अधिक आयात करतो, तेव्हा आखातात ठिणगी पडली की इथे रुपया, महागाई, रंगाच्या आणि विमानाच्या कंपन्यांचा नफा, सगळ्यांना झळ बसते. हे खरेच आहे आणि ते नाकारणारा अडाणी ठरेल. फक्त ही झळ आपल्याला कळते त्या क्षणी ती विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांनाही कळलेली असते. त्यामुळे जागतिक घडामोडींचा परिणाम होत नाही असे नव्हे. आपण सव्वानऊला जे करतो त्याने तो टळत नाही.

टळतो तो एकाच प्रकारे, आणि त्याला भूगोल लागत नाही. कोणते पैसे कधी लागणार, हे वहीत लिहून काढायचे. वीस वर्षांनी लागणाऱ्या पैशाला होर्मुझची फारशी बाधा नाही. पण मुलीची फी येत्या जूनमध्ये भरायची असेल आणि ती रक्कम शेअरमध्ये असेल, तर ती आजच काढून बँकेत ठेवा. जग शांत असले तरी.