टिंब आणि पालखी

माउलींच्या पालखीचे आमच्या सातारा जिल्ह्यातले मुक्काम वेबसाईटवर मांडायचे मी ठरवलं. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे फोल्डर केले. पुण्यात इंजिनिअरिंग करणारा भाचा म्हणाला, “मामा, गिट वापरा. काही बिघडलं तर मागं जाता येतं.” बिघडवण्यातला माझा अनुभव दांडगा, त्यामुळं लगेच पटलं.

लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली लिनक्सचा पसारा सांभाळायला गिट लिहिलं. जगभरच्या प्रोग्रॅमरांना पुरून उरलेलं हे प्रकरण फलटणच्या एका माणसाला काय जड जाणार? माऊस बाजूला सारून मी टर्मिनल उघडलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली की घरात आपला वचक वाढतो.

आधी ‘गिट इनिट’, मग ‘गिट ॲड’ आणि पुढं एक टिंब. टिंब म्हणजे इथलं सगळं. इथलं म्हणजे नेमकं कुठलं, ते बघायचं राहिलं. ॲड नीट झालं तर गिट चकार शब्द काढत नाही, पण इथं लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. बऱ्याच वेळानं ‘गिट स्टेटस’ विचारलं, तर शेताचा सातबारा, सासऱ्यांच्या चष्म्याचं बिल आणि मेहुणीच्या लग्नातले झाडून सगळे फोटो वारीला निघालेले! मी पालखीच्या फोल्डरात शिरलोच नव्हतो; अख्खं घर ॲड केलं होतं.

“ॲड म्हणजे नुसतं बाजूला काढून ठेवणं, मामा. कमिट कुठं केलंय अजून? तो लपलेला डॉट-गिट फोल्डर उडवा. तेवढाच. तेवढाच हं!”

मग योग्य जागी जाऊन ॲड, कमिट, पुश. जिथं हे सगळं चढवायचं, त्या गिटहबनं दारातच अडवलं: एक फाईल १०० एमबीच्या वर. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, मी स्वतः चित्रित केलेलं. त्यात अश्व कमी आणि माझा अंगठा जास्त. जड मनानं ते पुसलं, पुन्हा कमिट केलं. पुन्हा नकार! आधीच्या कमिटमध्ये ते होतंच, आणि पुश करताना सगळा इतिहास सोबत जातो. भाऊबंद जसे वाटणीनंतरही जुना बांध विसरत नाहीत, तसं हे. परत डॉट-गिट उडवून श्रीगणेशा केला.

या खेपेला गेलं. तासाभरानं भाच्याचा फोन.

“मामा, पालखी तरडगावहून थेट बरडला गेलीय.”

गिट नोंद ठेवतं ती फायलींची. रिकामा फोल्डर त्याच्या लेखी नसतोच. लोणंद, तरडगाव, बरडला मी मुद्दाम जाऊन आलो होतो. फलटण काय, आपलंच गाव, राम मंदिर हाकेच्या अंतरावर, लिहू की कधीही!