अंक ते आतुरचिकित्सा : निवृत्तांच्या अभ्यासमंडळाची मार्गदर्शिका

उद्देश

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, माणसाला पहिला झटका बसतो. डबा नाही, मस्टर नाही, साहेब नाही. घरच्यांना झटका त्याच्या आधीच बसलेला असतो, कारण तीस-पस्तीस वर्षं दिवसाउजेडी घरात न दिसलेला हा गृहस्थ ओट्यापाशी उभा राहून फोडणीत मोहरी नक्की किती घालतात याची चौकशी करत असतो. अशा वेळी गावात एखादं अभ्यासमंडळ असणं ही दोन्ही पक्षांची निकड आहे.

ही मार्गदर्शिका वाई गाव डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. त्याला कारण आहे. मोठ्या वयात शिकायला बसायची या गावाला सवय आहे. १९१७ साली विनोबा गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा काढून बाहेर पडले आणि इथे नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकले. सरकारी नोकरीतून आलेल्यांनी विशेष नोंद घ्यावी : रजा संपताच ते आश्रमात हजर झाले. वैद्यकीय दाखला जोडून रजा वाढवली नाही.

मराठी विश्वकोशाचं कामही याच गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभं राहिलं. पहिला खंड १९७६ साली निघाला. तो ‘अंक’ या नोंदीपासून सुरू होतो आणि ‘आतुरचिकित्सा’ या नोंदीपाशी संपतो. आतुर म्हणजे आजारी. पेन्शनच्या अंकापासून दवाखान्याच्या बाकड्यापर्यंतचा आपला प्रवास इतक्या थोडक्यात अजून कुणी सांगितलेला नाही.

१. पात्रता आणि बढती

मंडळात येणाऱ्याला वाटतं की आता आपली बढती संपली. हा गैरसमज पहिल्याच बैठकीत दूर करावा. राज्य सरकारी माणूस बहुधा ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. ६० व्या वर्षी तो कायद्याने ज्येष्ठ होतो. ६५ व्या वर्षी एसटीचं अर्धं तिकीट. ७५ व्या वर्षी तो ‘अमृत ज्येष्ठ’ होतो आणि एसटीत फुकट बसतो. ८० व्या वर्षी प्राप्तिकर खातं त्याला ‘अति ज्येष्ठ’ म्हणून मान देतं. या बढत्यांना गोपनीय अहवाल लागत नाही, सेवाज्येष्ठतेची यादी कोर्टात अडकत नाही. फक्त टिकून राहावं लागतं.

सभासदाला नावाने हाक मारू नये. तलाठ्याला भाऊसाहेब, नायब तहसीलदाराला रावसाहेब, मास्तरला गुरुजी आणि बँकेतल्या कुणालाही मॅनेजरसाहेब म्हणावं. खुर्ची सुटते, हुद्दा सुटत नाही. आमच्याकडे एक सभासद सलग दोन महिने आले नाहीत. त्यांच्या घरी जायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं, की ‘सर्कलसाहेबांचं’ आडनाव कुणालाच ठाऊक नाही.

२. घटना आणि नोंदणी

चार माणसं रोज घाटावर बसून बोलतात त्याला कट्टा म्हणतात. तीच माणसं त्याच विषयावर इतिवृत्त लिहून बोलली की मंडळ होतं. नोंदणीसाठी १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. स्थापनेला किमान सात सभासद लागतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार आणि सल्लागार अशी सात पदं काढली की कोणी नाराज राहत नाही. साधा सभासद कोणीच उरत नाही ही किरकोळ अडचण आहे.

दर निवडणुकीनंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. हे काम निवृत्त हेडक्लार्ककडे सोपवावं. सोपवल्यापासून त्यांचा रक्तदाब जागेवर येतो, असा अनुभव आहे. घटनेच्या मसुद्यात ‘करावे’ असावं की ‘करण्यात यावे’ यावर आमच्याकडे चार बैठका झाल्या. शेवटी ‘करण्यात यावे’ मंजूर झालं. कोणी करावे हे त्यात येत नाही, म्हणून एकमत झालं.

३. जागा

जागा फुकटची, सावलीची आणि मुतारीपासून दोन मिनिटांवरची असावी. या तीन कसोट्यांवर देवळाचा मंडप आणि वाचनालयाची मागची खोली एवढ्याच जागा उतरतात. सतरंजी घालू नये. बसताना सगळे बसतात, पण बैठक संपली तरी उठता येत नाही म्हणून सभा लांबते. प्लास्टिकच्या खुर्च्या आणाव्यात आणि हाताच्या खुर्च्या मोजून घ्याव्यात. पहिलं भांडण त्यांच्यावरून होतं.

वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती बांधली आहे, म्हणजे कृष्णेचा पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. अध्यक्ष असाच निवडावा. थोडं कमी ऐकू येणारा असेल तर उत्तम.

४. अभ्यासक्रम

*(क) दासबोध.* वीस दशक, दर दशकात दहा समास, एकूण दोनशे. आठवड्याला एक म्हटला तरी चार वर्षं लागतात. हा हिशोब पहिल्या दिवशी फळ्यावर मांडू नये. आमच्या खजिनदारांनी मांडला आणि पुढच्या आठवड्यात आठवड्याला दोन समास घेण्याचा ठराव आला. कारण विचारलं नाही. सगळ्यांना समजलं.

*(ख) विश्वकोश-वाचन.* पहिला खंड घ्यावा, एकाने नोंद मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी अशी योजना आहे. प्रत्यक्षात एक जण वाचतो आणि बाकीचे दुरुस्त्या सुचवतात. ‘अकबर’ या नोंदीवर तीन महिने चर्चा चालू होती. त्यात अकबरावर पहिला एकच दिवस गेला.

*(ग) हास्ययोग.* डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ ला मुंबईत पाच माणसं घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. तालुक्याच्या गावी हा प्रकार घाटावर पहाटे करावा, उजाडल्यावर करू नये. रावसाहेब हात वर करून हो-हो करत असताना त्यांच्याकडे एकेकाळी दाखल्यासाठी सहा चकरा मारलेला माणूस आंघोळीला आला, तर हसण्यात जो मनापासूनपणा येतो तो योगात बसत नाही.

*(घ) मोबाईल-साक्षरता.* शिकवायला नातवाला बोलावू नये. तो “थांबा, द्या इकडे” म्हणतो आणि करून टाकतो. ज्याला महिन्यापूर्वीच जमलंय असा सभासद नेमावा, त्याला अजून पायऱ्या आठवत असतात. पहिला धडा : ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. दुसरा धडा : पहिला धडा सर्वांना मोठ्याने सांगताना स्वतःचा ओटीपी उदाहरण म्हणून वाचून दाखवायचा नाही. तिसरा धडा नोव्हेंबरच्या आधी घ्यावा. हयातीचा दाखला आता बोटाच्या ठशावरही होतो, पण आयुष्यभर फायली चाळून ज्यांच्या बोटावरच्या रेघा पुसल्यात, त्यांना यंत्र हयात मानत नाही. अशांनी चेहरा दाखवायला शिकावं.

*(च) मोडी लिपी.* याचा विस्तार कलम ७ मध्ये, धोक्याच्या सूचनेखाली केला आहे.

५. व्याख्यान आणि सहल

रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी माणूस उन्हाळ्यात आंबे आणि विचार एकदमच घेतो. वाईतही ही परंपरा आहे. मंडळाने वक्ता बोलवावा, पण वक्त्याला चाळीस मिनिटं आणि परिचय करून देणाऱ्याला तीन मिनिटं ही वाटणी लेखी ठेवावी. तोंडी ठेवल्यास आकडे उलटे होतात. ‘प्रश्नोत्तरे’ या सदरात प्रश्न विचारणाऱ्याला हटकू नये. त्याला उत्तर नको असतं, तोही वक्ताच असतो.

सहलीचा हिशोब निवृत्त लेखापालाकडेच द्यावा. ७५ च्या पुढचे फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळे चौसष्ट वर्षांचा नवरा हा एसटीतला एकमेव पूर्ण पैसे भरणारा प्राणी ठरतो. त्याला खिडकी द्यावी. रेल्वेची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्यावरची चर्चा आदल्या दिवशी उरकून घ्यावी.

पहिली सहल मेणवलीला न्यावी. अंतर थोडं, नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी पोर्तुगीज घंटा. वाटाड्या लागत नाही. तेवीस जण गेलो होतो, घंटेची माहिती तेवीस जणांनी सांगितली. ऐकायला शूटिंग बघायला आलेलं एक कॉलेजचं पोरगं सापडलं, तेही अर्ध्यातून पळालं.

६. महिला शाखा

महिला शाखा काढण्याचा ठराव दरवर्षी मंजूर होतो. शेजारच्याच सभागृहात बायकांचं एक भजनी मंडळ आहे. त्याला घटना नाही, अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही. एक वही आहे, तिच्यात मागच्या पानावर भिशीचा हिशोब असतो. एवढ्या भोंगळ कारभारावर त्यांनी गेल्या दोन वर्षांत पेटी शिकून घेतली, फोनवरून वीजबिल भरायला सुरुवात केली, पंढरपूर आणि गाणगापूर केलं आणि एका सभासदबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आळीपाळीने डबा पोचवला.

याची कारणं शोधायला आम्ही तीन जणांची उपसमिती नेमली. अहवालातला निष्कर्ष असा : बायका निवृत्त झालेल्या नसल्यामुळे त्यांना मंडळ चालवायला वेळ मिळत नाही, म्हणून त्यांची कामं होतात. अहवाल दप्तरी दाखल करण्यात आला.

७. धोक्याची सूचना : शिकणे

आतापर्यंतच्या सूचना पाळल्या तर मंडळ सुखाने चालेल, कारण मंडळात प्रत्येक जण शिकवायला येतो. धोका उद्भवतो तो एखादा चुकून शिकायला लागला तर.

आमच्याकडे मोडीच्या वर्गात हे घडलं. मोडी शिकायची इच्छा बहुतेकांना लिपीच्या प्रेमापोटी नव्हती. माळ्यावर आजोबांच्या वेळचे कागद होते, त्यांत जमिनीचा एखादा तुकडा लिहिलेला असेल अशी आशा होती. शिवाय २०२३ साली कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला होता. शिकवायला आलेली मुलगी पंचविशीची. गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. त्यांनी हिचे सातवीत शुद्धलेखनाचे गुण कापले होते, हे दोघांनाही आठवत होतं. बोललं कोणीच नाही.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. पहिल्या तासाला गुरुजींनी शंका काढली : “यात ऱ्हस्व-दीर्घ कसं ओळखायचं?”

“मोडीत तो भेद नाही, सर.”

छत्तीस वर्षं वेलांट्यांवर लाल शाई ओतलेला माणूस. तो क्षण आम्ही सर्वांनी मान खाली घालून काढला. मग ते लिहायला लागले, आणि दर अक्षराला लेखणी उचलू लागले. मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “सर, हात उचलायचा नाही.”

वर्गात गुरुजींच्या हातचा मार खाल्लेले निदान चार जण बसले होते. हास्ययोगात दोन वर्षांत जमलं नाही ते हसू त्या दिवशी आलं. सगळ्यात शेवटपर्यंत गुरुजी हसत होते.

दुसऱ्या दिवसापासून लक्षणं वाढत गेली. दहाच्या वर्गाला ते पावणेदहालाच येऊन बसू लागले. वहीला खाकी कव्हर घातलं. घरी जाऊन “आज सातच चुका” असं सांगितलं म्हणे. घाटावर कृष्णेच्या पुराचा इतिहास सांगायचं त्यांनी सोडून दिलं आणि येत्या निवडणुकीत उपाध्यक्षपदाचा अर्ज भरला नाही. अशा सभासदापासून इतरांना दूर ठेवावं. आम्ही ठेवलं नाही. आता भाऊसाहेबांनाही लागण झाली आहे. सात-बारे लिहिण्यात ज्यांचा जन्म गेला ते एका जुन्या कागदावर चार दिवस बसले आणि पाचव्या दिवशी म्हणाले, “मला हे वाचता येत नाही.” हे वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

८. नित्याची देखभाल

मस्टर ठेवावं. रोज सही घ्यावी. सरकार आपण जिवंत आहोत का हे वर्षातून एकदा, नोव्हेंबरात विचारतं. मंडळाला रोज कळलेलं बरं. सलग दोन दिवस सही नसेल तर कोणीतरी घरी जाऊन यावं. जाताना पावतीपुस्तक न्यावं आणि वर्गणी थकल्याचं कारण सांगावं. नुसतंच ‘बघायला आलो’ म्हटलं की घरातले घाबरतात आणि आजारी माणूस जास्त आजारी पडतो.

गेल्या महिन्यापासून गुरुजी मस्टरवर मोडीत सही करतात. खजिनदारांनी हरकत घेतली, की सही वाचता येत नाही म्हणून हजेरी ग्राह्य धरता येत नाही. प्रदीर्घ चर्चेनंतर ठराव झाला : सर्व सभासदांनी मोडीच्या वर्गास हजर राहण्यात यावे. सूचक गुरुजी, अनुमोदक भाऊसाहेब. ठराव एकमताने मंजूर.

विश्वकोशाचं वाचन अजून पहिल्याच खंडात, अकबराच्या थोडं पुढे आलं आहे. या गतीने आतुरचिकित्सेपर्यंत पोचायला बरीच वर्षं लागतील असं चिटणिसांनी वार्षिक अहवालात खेदाने नमूद केलं होतं. सभेने ‘खेदाने’ हा शब्द काढून टाकला.